गाडीची किल्ली खुंटीलाच राहू द्या

व्हाइटफील्डमधल्या आपल्या घरांत शनिवारी रात्री उद्याच्या सहलीचा विषय निघाला, की पाच मिनिटांत तो गाडीवर येऊन थांबतो. किती वाजता निघालं तर होप फार्मच्या सिग्नलला अडकणार नाही? तिथं पार्किंग मिळतं का? येताना केआर पुरमला किती वेळ जाईल? मुलं बाजूला बसून हे ऐकत असतात. दुसऱ्या दिवशी ती बेसमेंटमध्ये गाडीत बसतात आणि डोंगराच्या माथ्यावरच्या पार्किंगमध्ये उतरतात. मधला सगळा मुलूख काचेपलीकडून निघून जातो. घरी आल्यावर विचारलं, की आपण कोणत्या दिशेला गेलो होतो, तर त्यांना सांगता येत नाही. त्यांनी रस्ता पाहिलेलाच नसतो.

आई-बाबांनो, म्हणून आज तुमच्याशी एवढ्याच एका गोष्टीवर मनापासून बोलायचं आहे. मुलांना डोंगर दाखवा, झाडी दाखवा, जुनी देवळं दाखवा, पण गाडीने नको. मेट्रोने, बसने आणि पायी. काटकसर म्हणून किंवा शिस्त लावायची म्हणून मी हे सांगत नाही. गाडी नसली की मूल त्या जागेपर्यंत स्वतः पोचतं, आणि स्वतः पोचलेली जागा त्याची होते, असं मला माझ्या दोन मुलांकडे बघून अगदी ठाम वाटतं.

आपलं स्वतःचं लहानपण जरा आठवा. पुण्यात वाढलेल्यांनी सिंहगड बहुधा पन्नास नंबरच्या बसने पाहिला असेल. पायथ्याला उतरायचं, आतकरवाडीतून चढायचं, वर झुणका-भाकर, मडक्यातलं दही, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून उड्या मारत खाली. राजगडाला जाणारी मुलं गुंजवण्याच्या एसटीची वाट बघत स्टँडवर पथारी पसरायची. आपल्याकडे गाड्या नव्हत्या म्हणून आपण तसे गेलो हे खरं. पण एसटीच्या खिडकीतून गड पहिल्यांदा दिसणं, कंडक्टरला विचारून फाट्यावर उतरणं, गावातल्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे करणं, हे सगळं त्या सहलीतच होतं. आता गाडी आहे, आणि नेमकं तेवढंच मुलांच्या वाट्याचं गळून गेलं आहे.

बंगळूरमध्ये हे जमत नाही, असं तुम्ही म्हणाल. जमतं. व्हाइटफील्डमधून तर फार चांगलं जमतं, कारण आपण शहराच्या पूर्व टोकाला आहोत. शहर ओलांडायची गरजच नाही. मी तुम्हाला कोलारला जायला सांगेन.

कोलार बंगळूर शहरापासून सत्तरेक किलोमीटर आहे, आपल्याला त्याहून बरंच जवळ. कडुगोडीहून बीएमटीसीच्या बसने होसकोटे गाठायचं आणि तिथं कोलारची केएसआरटीसीची बस धरायची. नाहीतर मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने कृष्णराजपुरला जायचं आणि खाली जुन्या मद्रास रोडवर उभं राहायचं; कोलार, मुळबागल, तिरुपतीकडे जाणाऱ्या बस एकामागून एक येत असतात. व्हाइटफील्डच्या रेल्वे स्टेशनवरून बंगारपेटला जाऊन तिथून बसने कोलार, हाही एक रस्ता आहे. येताना तो घेतलात तर बंगारपेटची नितळ पाण्याची पाणीपुरी खाऊ घाला मुलांना. शहरात तिच्या नावाच्या पाट्या जागोजागी लागतात, तिचं मूळ गाव हे.

बसमध्ये बसल्यावर मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हा जो रस्ता आहे, त्याला आज राष्ट्रीय महामार्ग ७५ म्हणतात. पण जुन्या क्रमांकांप्रमाणे तो ४ नंबरचा महामार्ग होता, म्हणजे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड करत बंगळूरला येणारा आणि पुढे कोलारवरून चेन्नईला जाणारा आपलाच रस्ता. आजोळी जाताना ज्या रस्त्याने आपण जातो, त्याच रस्त्यावर आज उलट्या दिशेला निघालो आहोत. माझ्या लेकीने हे ऐकल्यावर वहीत एक लांब रेघ काढून तिच्यावर दोन ठिपके दिले होते, एक कोल्हापूरचा आणि एक कोलारचा. भूगोलाच्या पुस्तकातून हे तिच्या हाताला लागलं नव्हतं.

आणि बसमध्ये कन्नड लागतं. आपली मुलं इथंच जन्मली, इथंच वाढली, तरी सोसायटीच्या फाटकाच्या आत त्यांना कन्नडची गरज पडत नाही. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी, घरी मराठी. बसमध्ये मात्र कंडक्टर समोर उभा राहतो. तिकिटाचे पैसे मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच बोलू द्या. ‘कोलारक्के मूरु टिकेट कोडि.’ एवढंच वाक्य माझा धाकटा आदल्या रात्रीपासून घोकत होता. कंडक्टरने शांतपणे ऐकून घेतलं, ‘चिल्लरे?’ म्हणून सुटे मागितले, मग त्याच्याकडे आणि आमच्याकडे बघून तिकिटं फाडली. मला आणि लेकीला शून्य रुपयांचं तिकीट, त्याला पैशांचं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायका-मुलींना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. आधार कार्डावर इथला पत्ता हवा. बहिणीला फुकट आणि आपल्याला पैसे, हे धाकट्याला मुळीच पटलं नाही. मग बायकांना बस मोफत का असावी यावर होसकोट्यापासून नरसापुरापर्यंत त्या दोघांचं बोलणं चाललं. मागच्या सीटवरच्या एक बाई हसून त्यात सामील झाल्या. त्या रोज कारखान्यात कामाला जातात, आणि भाड्याचे वाचलेले पैसे मुलीच्या शिकवणीला लागतात, असं त्यांनी सांगितलं. कन्नडमधलं निम्मं मला कळलं, लेकीला माझ्याहून थोडं जास्त. अशी भेट गाडीत कधी व्हायची?

कोलारच्या बस स्टँडपासून अंतरगंगेचा डोंगर तीन-चार किलोमीटरवर आहे. सकाळचं ऊन कोवळं असेल आणि मुलं नऊ-दहा वर्षांची असतील तर चालतच जा, नाहीतर रिक्षा करा. गावातून डोंगर समोरच दिसतो. त्याला शतशृंग म्हणतात. पायथ्यापासून दगडी पायऱ्या काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातात, दोन्ही बाजूंना झाडी, करंज, सीताफळीची झुडपं, मध्ये मध्ये टणटणीचं रान. पायऱ्यांवर माकडं असतात, आपल्या गडांवरच्या काळतोंड्या वानरांहून वेगळी, छोटी, डोक्यावर टोपीसारखे केस असलेली. हातात पिशवी दिसली की ती येतातच. त्यामुळे खाऊ सॅकच्या आत, सॅक पाठीवर, आणि पायऱ्यांवर काहीही खायचं नाही, हा नियम घरातूनच सांगून ठेवा. माकडांना खायला घालायचं नाही, हाही.

देवळाजवळ कुंड आहे. तिथं दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार पडते. हे पाणी काशीहून येतं अशी श्रद्धा आहे, म्हणून नाव अंतरगंगा. कोलार जिल्ह्यात बारमाही वाहणारी नदी नाही. हा तळ्यांचा, विहिरींचा आणि आता हजार-हजार फूट खोल बोअरवेलचा मुलूख. अशा कोरड्या मुलखात डोंगराच्या कुशीतून पाणी येत राहतं, याचं माणसांना केवढं अप्रूप वाटलं असेल! पावसाचं पाणी खडकाच्या भेगांमध्ये मुरतं आणि हळूहळू खाली झिरपत येतं, हे मुलांना समजावून सांगता येतं. काशीची गोष्टही सांगा. मुलांच्या मनात दोन्ही गोष्टी छान शेजारी शेजारी राहतात, आपणच उगाच एक खोडायला जातो.

देवळाच्या वर मोठमोठ्या शिळा सुरू होतात, आणि तिथे मुलं खरी रमतात. सह्याद्रीतला खडक म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक रचलेले, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. इथला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. ऊन-पावसाने त्याचे पापुद्रे सुटतात, कोपरे झिजतात, आणि घरा-घराएवढे गोल धोंडे उरतात. अंतरगंगेच्या ज्या गुहा म्हणतात त्या अशा धोंड्यांच्या मधल्या फटी आहेत. लेणी पाहिलेल्या मुलाला गुहा म्हटली की छिन्नीने कोरलेली खोली आठवते. इथं त्याला अंग चोरून, पोट आत घेऊन, हात टेकत सरकावं लागतं. माझ्या लेकीने एका धोंड्याला तळहात लावला, सावलीतल्या बाजूला आणि मग उन्हातल्या, आणि एकाच दगडाची एक बाजू माठासारखी गार आणि दुसरी पोळणारी कशी, हे तिने भावाला तिथंच करून दाखवलं. ती बराच वेळ तेवढंच करत राहिली. आम्हाला कुठं पोचायची घाई नव्हती, खाली गाडी उन्हात तापत नव्हती, पार्किंगवाल्याची पावती चालू नव्हती. तिला तो दगड पुरेसा होता.

एक सूचना मात्र इथं काटेकोरपणे पाळायची. फटीत बघितल्याशिवाय हात घालायचा नाही आणि दगड उलटायचा नाही. अशा जागी विंचू असतात. आणि हे लक्षात ठेवून खाली गावात या, कारण पुढची गोष्ट त्याच्याशीच जोडलेली आहे.

कोलारचं ग्रामदैवत कोलारम्मा. तिचं देऊळ चोळांच्या काळातलं, अकराव्या शतकाच्या आसपासचं. ग्रॅनाइटच्या भिंतींवर जुन्या तमिळमधले शिलालेख कोरलेले आहेत. आत सप्तमातृकांबरोबर चेलम्मा नावाची देवी आहे, ती विंचवांची देवी. तिच्यापुढे जमिनीतच दगडात खोदलेली दानपेटी आहे, वर फक्त एक भोक. त्यात नाणं टाकलं की विंचू चावत नाही अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सकाळी ज्या मुलाने धोंड्यांच्या फटीपाशी हात आखडता घेतला, त्याला ही देवी इथं का आहे हे सांगावं लागत नाही. माझ्या धाकट्याने नाणं टाकलं, कान लावून आवाज ऐकायचा प्रयत्न केला आणि विचारलं, ‘सगळ्यात खालचं नाणं कोणी टाकलं असेल?’ मला वाटतं, इतिहास शिकायला सुरुवात करायला याहून चांगला प्रश्न नाही. गाडीतून येऊन आधी देऊळ आणि मग डोंगर केला असता, तर त्या भोकाशी त्याचं काही नातं जुळलं नसतं. क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो चालण्यातून येतो. देवळं दुपारी बंद होतात, हे धरून डोंगर भल्या सकाळी करा.

जवळच सोमेश्वराचं देऊळ आहे, विजयनगर काळातलं. उंच गोपुर, कोरीव खांबांचा कल्याणमंडप. थकलेल्या मुलांना तिथल्या सावलीत नुसतं बसू द्या. प्रत्येक खांबाची माहिती वाचून दाखवायची गरज नाही.

आता आपल्याला, म्हणजे मराठी घरांना, कोलारबद्दल एक जास्तीची ओढ वाटावी असं कारण आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले. तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं गेलं आणि बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा टापू शहाजीराजांच्या जहागिरीत आला. म्हणजे आपली बस ज्या होसकोट्याला बदलली ते त्यांचंच ठाणं. लहानगे शिवाजीराजे जिजाबाईंबरोबर १६४० च्या सुमारास बंगळूरला आले होते आणि दोनेक वर्षांत पुण्याला परतले. शहाजीराजे पुढेही कर्नाटकातच राहिले. २३ जानेवारी १६६४ ला शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. त्यांची समाधी चन्नगिरीजवळ होदिगेरेला आहे. आपल्या मुलांना शिवचरित्र रायगड-प्रतापगडाच्या चित्रांतून माहीत असतं. ती जिथं राहतात, त्या मातीतही त्याचं एक पान आहे हे त्यांना कळलं की डोळे मोठे होतात.

पण हे सांगताना एक काळजी घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘इथं आपलं राज्य होतं’ या सुरात सांगू नका. कोलार ही गंग घराण्याची पहिली राजधानी, मग चोळ आले, होयसळ, विजयनगर, विजापूर, मोगल आले. हैदर अलीचा जन्म याच जिल्ह्यातल्या बुदिकोट्याचा, आणि त्याच्या वडिलांची, फतह मुहम्मदांची कबर कोलार गावात आहे. १७७० मध्ये मराठ्यांनी कोलार पुन्हा घेतलं, १७९१ मध्ये इंग्रजांनी. एवढी माणसं या डोंगराखालून गेली, आणि डोंगराखालच्या लोकांनी त्या सगळ्यांच्या काळात कोलारम्मालाच नवस केले. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारातही नाना भाषांचे कवी होते. जयराम पिंड्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्याचं वर्णन आहे, आणि वि. का. राजवाड्यांनी ते १९२२ साली छापून आपल्यापुढे ठेवलं. इथं राहायला आलेल्या मराठी माणसाने इथल्या भाषांना घरात जागा दिली, ही त्यातली गोष्ट मुलांना द्यावी. सकाळचं ‘मूरु टिकेट’ त्याच गोष्टीत बसतं.

तुमच्या मनातल्या शंका मला माहीत आहेत, कारण त्या माझ्याही मनात येतात. मूल दमलं तर? दमेल. बसमध्ये झोपेल. दमून बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपणं ही काही वाईट गोष्ट नाही. ज्या दिवशी दमेल त्या दिवशी गुहा सोडा, पायऱ्या आणि कुंड एवढंच करा. स्वच्छतागृहाचं काय? बस स्टँडवर आधी जाऊन या, डोंगरावर सोय मिळेल असं धरू नका. मुलींच्या आयांनी एक छोटी पिशवी जवळ ठेवावी. पाणी माणशी दीड-दोन लिटर, टोपी, बंद बूट. डबा म्हणाल तर धपाटे, दशम्या, गूळ-शेंगदाणे यांना तोड नाही; उन्हात टिकतात, सांडत नाहीत. बस मिळाली नाही तर? कोलारच्या रस्त्यावर दिवसा बसची वाट फार बघावी लागत नाही. आणि अर्धा तास थांबावं लागलं तरी त्याला घाबरू नका. आपल्या मुलांना वाट बघण्याची सवयच राहिलेली नाही. सगळं दारात येतं, दहा मिनिटांत येतं. स्टँडवरच्या त्या अर्ध्या तासात माझ्या मुलांनी कन्नड पाट्या लावून लावून वाचायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ‘को’ आधी ओळखू आला, मग ‘ला’, मग ‘र’.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी हलकेपणाने बोलणार नाही. देवळापर्यंतच्या पायऱ्यांवर माणसांची ये-जा असते. त्याच्या वर, धोंड्यांत आणि रानात शिरायचं असेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून जा, माहीतगार माणूस बरोबर घ्या आणि वनखात्याच्या संकेतस्थळावर परवानगीचे नियम आधी बघा. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर गर्दी उसळली, तेव्हापासून कर्नाटकात जंगलातल्या वाटांवर नोंदणीचे नियम कडक झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. सूर्योदय बघायला रात्री डोंगर चढायचा बेत कोणी सुचवला तर मुलांना घेऊन मुळीच जाऊ नका. संध्याकाळी पाचच्या आत परतीच्या बसमध्ये बसलेलं बरं.

आणि जंगलाच्या बाजूनेही विचार करा. नंदी हिल्सच्या घाटात सुट्टीच्या पहाटे गाड्यांची जी रांग लागते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ज्या झाडीसाठी आपण जातो तिच्याच अंगावर धूर सोडत उभे असतो. आपल्याकडे माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे गाडी जात नाही, म्हणून तिथं आजही पानांचा आवाज ऐकू येतो. असा नियम सगळीकडे होईल तेव्हा होईल. आपण आपली गाडी घरी ठेवायला नियमाची वाट कशाला बघायची? नंदीलाही बसने जाता येतं. गावातलं भोगनंदीश्वराचं देऊळ, मूळचं नवव्या शतकातलं, आरामात बघा आणि गडावर सुलतानपेठेच्या बाजूने जुन्या पायऱ्यांनी चढा. रामनगरचा रामदेवर बेट्टा, जिथं ‘शोले’चं चित्रीकरण झालं आणि आता गिधाडांचं अभयारण्य आहे, तोही मेट्रो आणि बसच्या टप्प्यात येतो, फक्त आपल्याला शहर ओलांडावं लागतं.

मुलं अगदी लहान असतील, पाच-सहा वर्षांची, तर पहिल्या रविवारी कोलारही नको. व्हाइटफील्डच्या इनर सर्कलपर्यंत बसने जा आणि तिथं चाला. १८८२ मध्ये म्हैसूरच्या चामराज वडेयर महाराजांनी अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेतीसाठी इथं जमीन दिली, आणि त्यांचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला नाव पडलं. १८८६ चं मेमोरियल चर्च तिथंच आहे, जुनी मोठी झाडं आहेत. ऑफिसच्या काचेच्या इमारतींमागे हे एक शेतकऱ्यांचं गाव होतं, हे पायाखाली कळू द्या. तासाभराचं चालणं झालं, बसचं तिकीट मुलाने काढलं, एवढं पुरे. तिकीट त्याच्याच खिशात राहू द्या.

कोलारसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. कार्तिकातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, तेव्हा पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते. मार्चनंतर धोंडे तापतात, मग थेट पावसाळा सरल्यावर जा. निघायच्या आदल्या रात्री बसच्या वेळा मुलांना विचारायला लावा, सुटे पैसे त्यांच्याकडे द्या, आणि पहाटेचा गजरही त्यांनाच लावू द्या.